कितीला मावशी आणि दोन घंट्यांचं घड्याळ

बाजारात ही बाई दर मंगळवारी सकाळी दहाला शिरते आणि एकाही दुकानातून काही घेत नाही. एकतीस वर्षं झाली. साबणाच्या दुकानात जाते, "कितीला?" कांद्याच्या ढिगापाशी वाकते, "कितीला?" न्हाव्याच्या दारात डोकं घालते, "साधी कटिंग कितीला?" न्हावी सांगतो, ती लिहून घेते आणि पुढे जाते. नवीन दुकानदार पहिल्या महिन्यात उत्साहाने माल काढून दाखवतात, दुसऱ्या महिन्यात वैतागतात, तिसऱ्या महिन्यात शेजाऱ्याला विचारतात की ही बाई डोक्याने बरी आहे ना. मग शेजारी सांगतो, "अरे, ती कितीला मावशी. सरकारची आहे. भाव सांग आणि मोकळा हो."

सरकारची म्हणजे आकडेवारी खात्याची. महागाई किती वाढली हे जे छापून येतं ना, त्यातला आमच्या गावचा आकडा ही बाई पायी चालून गोळा करते. दोनशे अडतीस वस्तू, ठरलेली दुकानं, ठरलेला वार. खांद्याला एक पिशवी, पिशवीत वही, दोन चष्मे आणि एक छोटा वजनकाटा.

त्या काट्याने माझी पहिली फजिती केली. तिथूनच सांगते.

मी शाळेत आठवीपर्यंत गेले. पुढचं सगळं रांगेत उभं राहून शिकले. कुठल्या कार्यालयात कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे मला झोपेतून उठवून विचारा. बाजारात मला फलकवाली म्हणतात, कारण माझ्या हातात बहुतेक वेळा एखादा फलक असतोच. त्या वर्षी फलकावर लिहिलं होतं, 'महागाईचे आकडे खोटे आहेत'. माझं स्वयंपाकघर एक सांगत होतं आणि सरकारचा कागद दुसरंच. मग मी ठरवलं की सरकार आमच्या तब्येती तपासतं, आता आपण सरकारच्या आकडेवारी खात्याची तब्येत तपासायची. बारा प्रश्नांचा फॉर्म केला. किती खुर्च्या रिकाम्या आहेत? आकडा ठरल्या तारखेला येतो का? आकडा बाहेर पडायच्या आधी वरून कुणाचा फोन येतो का? चूक झाली तर कबूल करता का? असे. समिती स्थापन केली. समितीत मी होते. एवढं पुरेसं होतं.

एका गुरुवारी फॉर्म घेऊन मी कार्यालयात घुसले. घुसले म्हणजे दार उघडंच होतं. आत सात टेबलं, सात खुर्च्या आणि एकच बाई.

"बाकीचे कुठायत?" मी आवाज चढवला.

"तीन निवृत्त झाले, दोघांची बदली, एकाने दुकान काढलं," ती म्हणाली. "बसा. कुठल्याही खुर्चीवर बसा. ती मधली तेवढी सोडून, तिचा पाय मोडलाय."

मी भांडायला गेले होते हो! आणि ही बाई माझ्या बाराही प्रश्नांची सरळ उत्तरं देत बसली. रिकाम्या खुर्च्या सहा. तारीख कधी चुकली नाही. फोन एकदा आला होता, अठरा वर्षांपूर्वी, पण तो चुकून लागला होता, त्याला दवाखाना हवा होता.

"आणि तपासतं कोण?" मी शेवटचा बाण काढला. "भाव टिपणाऱ्याने स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, असा नियम आहे. मी वाचलाय!"

"आहे ना," ती म्हणाली. उठली, वही घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली, पहिला चष्मा काढून दुसरा घातला आणि वहीकडे बघून कपाळाला आठ्या पाडल्या. "काय हो बाई, हा सात आहे की एक? किती वेळा सांगितलं, सातला आडवी रेघ द्या म्हणून!" मग उठून पहिल्या टेबलाशी आली, पहिला चष्मा घातला आणि पडलेल्या आवाजात म्हणाली, "सात आहे. देते रेघ."

तिने सहीच्या जागेवर लिहिलेलं दाखवलं, 'तपासणारी: मीच, नाइलाजाने.'

मग कपाटातून एक जाड वही काढली. चुकांची वही. एकतीस वर्षांत एक्केचाळीस चुका, प्रत्येक तारीखवार, आणि प्रत्येक चूक बाहेरच्या पाटीवर आठ दिवस लावलेली. ती पाटी कुणीच वाचत नाही. मीही वाचली नव्हती, आणि मी सगळ्या पाट्या वाचते.

"शेवटची चूक मागच्याच महिन्यात सापडली," ती म्हणाली. "पावाची. किंमत तीच ठेवून पाव लहान केलाय. तीस ग्रॅम कमी. म्हणजे पाव महागलाच ना? मी तीन आठवडे नुसती किंमत लिहीत होते. मग काट्यावर ठेवला."

"कुठल्या चोराची बेकरी?"

तिने सांगितलं. आमचे हे त्याच बेकरीत पाव भाजतात.

मी विषय बदलला. बाई मात्र बोलत राहिली, आणि त्यातलं जे मुख्य होतं ते रागाच्या भरात माझ्या कानावरून गेलं. ती सांगत होती की यादीतल्या दोन वस्तू आता बाजारात मिळतच नाहीत, लोकरी फेल्टची हॅट आणि कंदिलाची काच. त्यांचे रकाने कोरे जातात. मुख्यालयाचा नियम असा की एका आठवड्यात तीन रकाने कोरे गेले की ते केंद्र अविश्वसनीय धरायचं आणि बंद करायचं. मग आमच्या गावचे भाव शेजारच्या मोठ्या शहरावरून अंदाजाने भरणार. पुढच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी तपासनीस येणार होते. "तिसरा रकाना तेवढा जपतेय," ती म्हणाली. मी "बरं बरं" म्हणाले. मला पावाचं लागलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी तिच्या मागे फिरायचं ठरवलं. फिरले. पायाचे तुकडे पडले. दुपारी बारा वाजता आम्ही घड्याळवाल्याच्या दुकानात पोचलो. घड्याळवाला म्हणजे टक्कल, मिशा आणि डोळ्याला अडकवलेलं भिंग. मावशीला बघताच त्याने वरच्या फळीवरून एक घड्याळ काढलं. चावीचं, गजराचं, डोक्यावर दोन घंट्या. धूळ पुसली आणि समोर ठेवलं.

"कितीला?"

"तीनशे चाळीस."

मावशीने लिहिलं. त्याने घड्याळ परत फळीवर ठेवलं.

"हे विकलं कधी जातं?" मी विचारलं.

"हे?" घड्याळवाला हसला. "हे मावशीसाठी आहे. अकरा वर्षं झाली. गिऱ्हाइकाला दाखवत पण नाही मी."

मला तर घबाडच मिळालं! कुणी विकत घेत नाही अशा वस्तूची किंमत सरकार महागाईत धरतं! मावशी शांतपणे म्हणाली, "अहो, मी नऊ पत्रं लिहिली मुख्यालयाला, ही वस्तू काढा आणि लोक जे घेतात ते घाला म्हणून. उत्तर नाही. जोपर्यंत यादीत आहे तोपर्यंत टिपायला हवं." पण मी ऐकायच्या पलीकडे गेले होते. डोक्यात पत्रक छापून तयार होतं. फक्त पुरावा हवा होता.

शनिवारी मी एकटीच दुकानात गेले.

"ते घड्याळ द्या."

"ते नाही विकायचं."

"दुकानात ठेवलंय, किंमत सांगता, आणि विकायचं नाही? लिहून देता का तसं? सहीनिशी?"

घड्याळवाल्याने भिंग काढलं. माझ्याशी भांडायला लोक सहसा चष्मा काढतात, ह्याने भिंग. "घ्या बाई. तीनशे चाळीस."

"तीनशे चाळीस? ह्या डबड्याला? किंमत ठरवता कशी तुम्ही?"

आणि तेव्हा तो माणूस जे बोलला ते ऐकून मी स्टुलावर बसले. म्हणाला, "दर वर्षी वाढवतो थोडी. महागाई वाढते ना. किती वाढवायची ते त्या सरकारी कागदात बघतो, मावशीच्या. जेवढी महागाई, तेवढी किंमत."

म्हणजे मावशी घड्याळावरून महागाई लिहिणार आणि हा महागाईवरून घड्याळ लिहिणार! दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत अकरा वर्षं जिना चढत होते!

मी आनंदाने घासाघीस केली. एकशे वीसला आणलं. पावती घेतली. त्याच संध्याकाळी पाचशे पत्रकं छापायला टाकली.

घड्याळ घरी आणलं आणि आमच्या संसारात तिसरं माणूस आलं. ह्यांची पाळी पहाटेची. दुपारी दीडला घरी येतात, जेवतात, झोपतात. त्या घड्याळाला चावी दिली होती मी, चालतं का बघायला. ते चालायचं, पण गजर त्याच्या मनाला येईल तेव्हा. रविवारी दुपारी दोनला. सोमवारी अडीचला, आणि मग पावणेतीनला परत.

"अगं, काय लावलंयस हे?" हे उशी डोक्यावर घेऊन ओरडले.

"पुरावा आहे तो!"

"कशाचा? मी जिवंत असल्याचा?"

"तीस ग्रॅमबद्दल बोलू का मी?" मी म्हणाले. ह्यांनी उशी परत डोक्यावर ओढली. संसारात एखादा आकडा असा हाताशी असावा.

बुधवारी हे कामावरून आले ते न जेवता खाटेवर बसले. "काल मावशी घड्याळवाल्याकडे अर्धा तास बसून होत्या," म्हणाले. "बेकरीसमोरच तर आहे दुकान. त्यांच्या हातात पेन, वही उघडी, आणि लिहीत काहीच नव्हत्या. एकतीस वर्षांत त्या बाईला बाजारात बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. तू काय केलंस?"

तेव्हा माझ्या कानावरून गेलेलं सगळं परत फिरून कानात आलं. हॅट, कंदिलाची काच, तिसरा रकाना, गुरुवार. गुरुवार म्हणजे उद्या!

मी घड्याळ पदरात गुंडाळलं आणि धावले. घड्याळवाला म्हणाला, "मी सांगितलं त्यांना, मावशी, मागच्याच मंगळवारचा भाव टाका, कोण बघतंय? तर म्हणाल्या, मी बघतेय ना. मग मी नवीन घड्याळ मागवलं, पण आठ दिवस लागणार. मग मला विचारलं, किंमत कशी ठरवत होतात? मी खरं सांगितलं, शनिवारी तुम्हालाही सांगितलंय तेही. तेव्हा बसल्या त्या."

"हे ठेवा फळीवर परत. ठेवा म्हणते ना!"

"मी ठेवीन हो. मावशी धरतील का?"

मावशी कार्यालयात होती. मी धापा टाकत घड्याळ टेबलावर ठेवलं. "हे परत केलं समजा. लिहा तीनशे चाळीस."

तिने घड्याळाकडे बघितलंही नाही. "विकलं गेलेलं आहे ते. जुनं झालं. नव्या वस्तूचीच किंमत धरतात. आणि मंगळवार काल झाला."

"अहो, पण केंद्र बंद होईल!"

"हो."

"मग शहराचे भाव आमच्या बोकांडी बसतील! तिथे पाव आपल्यापेक्षा—"

"मला माहीत आहे पाव तिथे कितीला आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पहिला चष्मा काढून ती दुसरा घालायच्या बेतात होती, म्हणून मी निघाले. ओरडून घ्यायची मला सवय आहे, पण तपासणाऱ्या मावशीकडून नको.

गुरुवारी मी गेलेच. बोलावलं कुणी नव्हतं. पिशवीत घड्याळ, पावती आणि त्या सकाळीच छापून आलेली पत्रकं. कशाला नेलं होतं सगळं, मलाच ठाऊक नाही. मी रिकाम्या हाताने कुठल्याच कार्यालयात जात नाही.

तपासनीस साहेब बारीक अंगाचे, आणि त्यांचं पेन सदऱ्याच्या बटणाला दोरीने बांधलेलं. त्यांनी येताना स्वतःची बसायची गादी आणली होती. त्यांच्याजवळही फॉर्म होता. माझे बारा प्रश्न, त्यांचे चव्वेचाळीस. मला जरा हेवाच वाटला.

"भाव टिपणारा?"

"मी," मावशी पहिल्या टेबलावरून म्हणाली.

"तपासणारा?"

मावशी उठली, खिडकीशी गेली, चष्मा बदलला. "मी."

साहेबांनी गादीवर बसल्या बसल्या मान वळवून दोन्हीकडे बघितलं आणि काहीतरी खोडलं. "कोरे रकाने?"

"तीन. हॅट, कंदिलाची काच, आणि गजराचं घड्याळ."

"तीन," साहेब म्हणाले आणि पेन हातातून सोडलं. दोरीमुळे ते लोंबकळत राहिलं. "बाई, तिसऱ्याचं काय झालं?"

"विकलं गेलं."

"कुणी घेतलं? अशी वस्तू कोण घेतं?"

आणि माझ्या पिशवीत गजर झाला. दोन्ही घंट्या. मी पिशवी दाबली, पोटाशी धरली, वर बसले, काही उपयोग नाही. साहेबांची गादी घसरली. मावशी आली, पिशवीत हात घातला आणि एका झटक्यात घड्याळ बंद केलं. "कळ मागे असते," ती म्हणाली. "अकरा वर्षं बघतेय."

"मी घेतलं," मी म्हणाले. "शनिवारी."

मावशी थबकली. "पावती घेतलीत?"

"मी? मी पावतीशिवाय शिंकत नाही!"

"शनिवारची तारीख आहे त्यावर?"

"आहे."

मावशी नियमांच्या पुस्तकाला हातही न लावता म्हणाली, "साहेब, नियम एकोणीस, पोटनियम तीन. त्याच आठवड्यातल्या, म्हणजे दोन मंगळवारांमधल्या, प्रत्यक्ष विक्रीची पावती असेल, तर फळीवरच्या किमतीऐवजी ती धरावी." मग वही उघडली, पेन घेतलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा हा प्रश्न दुकानदाराऐवजी गिऱ्हाइकाला विचारला. "कितीला?"

"एकशे वीस," मी पुटपुटले.

"मोठ्याने."

"एकशे वीस!"

तिचा हात जरासा थांबला. मागच्या आठवड्यात तीनशे चाळीस, आणि आता एकशे वीस. एवढी घसरण साहेबांच्या डोळ्यांत येणारच होती. तीनशे चाळीस लिहिलं असतं तर पावती कुणी बघितली असती? तिने एकशे वीस लिहिलं. सातला देते तशी एकलाही रेघ देऊन लिहिलं.

मग आपणहून चुकांची वही काढली आणि साहेबांपुढे ठेवली. "बेचाळीस नंबर. घड्याळवाला आमच्याच आकड्यावरून किंमत वाढवत होता. मी कधी विचारलं नाही. अकरा वर्षं चुकीची किंमत गेली."

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. "बाई, हे गंभीर आहे. चूक केंद्राने स्वतः शोधली तर दुरुस्ती लावून भागतं. बाहेरच्या तक्रारीतून उघडी पडली तर केंद्र बंद. कुणी शोधली ही?"

मी शोधली होती! मी! शनिवारी, स्टुलावर बसून! आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी साहेबाने तोंडाने विचारलं होतं, की कुणी शोधली! माझी जीभ टाळूला लागून फडफडत होती.

"मला मंगळवारी कळली, तेव्हाच नोंद केली," मावशी म्हणाली. "या बाईंना मात्र शनिवारीच कळली होती." हिला कोण विचारायला गेलं होतं! "पण त्यांनी लेखी तक्रार दिलेली नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "द्यायची आहे का?"

पिशवीत पाचशे पत्रकं. वर माझं नाव, ठळक. मावशी खिडकीबाहेर बघत होती. तिने एका शब्दाने विनवलं असतं तर मी चिडून दिलीही असती. ती विनवत नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

"मोठ्याने सांगा, लिहायचं आहे."

"नाही द्यायची! किती वेळा सांगू?"

साहेबांनी लिहिलं, गादी काखेत मारली आणि गेले. कोरे रकाने दोन. केंद्र चालू.

दुरुस्ती पाटीवर लागली. आमच्या गावची महागाई एका शतांश टक्क्याने कमी निघाली. ती पाटी आठ दिवस मी रोज वाचली, कारण दुसरं कुणी वाचत नव्हतं.

महिन्याभराने मुख्यालयाचं पत्र आलं, मावशीच्या नऊ पत्रांचं पहिलं उत्तर. त्यात लिहिलं होतं, 'सदर घड्याळाची आपल्या केंद्रावर नुकतीच विक्री झाल्याचे दिसते. सबब वस्तूस मागणी असून ती यादीत पुढील दहा वर्षे कायम ठेवण्यात येत आहे.' मावशीने ते पत्र मला वाचायला दिलं. घड्याळवाल्याला तर एक घड्याळ कुणी देईना, डझन घ्यावं लागलं. आता वरच्या फळीवर बारा घड्याळं आहेत आणि मी समोरून गेले की तो भिंग काढतो.

मंगळवारी मावशीच्या पुढच्या दहा आणि मागच्या दहा दुकानांत मी शिरायचं नाही, परत एखादा रकाना कोरा व्हायला नको, असं ठरलंय. मी पाळते. पत्रकं वाया घालवायची नाहीत म्हणून बेकरीत दिली, पाव गुंडाळायला. मावशी आता पावाचं वजन करायच्या आधी माझा कागद सोडवते, बाजूला ठेवते आणि मग काटा बघते. हे सांगतात, की पाव परत पूर्वीएवढा झालाय, कारण तिच्या समोर लहान पाव ठेवायची आता भट्टीवाल्यालाही लाज वाटते.

गेल्या मंगळवारी तिने तो कागद मात्र घडी करून पिशवीत टाकला. बुधवारी मला बोलावणं आलं. गेले. ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती, दुसरा चष्मा लावून.

"काय हो बाई," माझ्या पत्रकावर बोट ठेवून म्हणाली, "कार्यालयात सात टेबलं लिहिलीत तुम्ही. आठ आहेत. एक फायलींच्या ढिगाखाली आहे."

मी मोजली. आठ होती.

"वही आहे का तुमच्याकडे चुकांची?" तिने विचारलं.

नव्हती. येताना विकत घेतली. दुकानदाराने किंमत सांगितली, मी घासाघीस न करता दिली आणि पावती घेतली. पान एक, नंबर एक, आठ टेबलं. आता ही दुरुस्ती फलकावर लिहून मी आठ दिवसांसाठी बाजारात उभी आहे. कुणी वाचत नाही.